विश्लेषण : ऑस्ट्रेलियात ‘फुटबॉल’ म्हणजे नेमका कोणता खेळ? डॅली मेसेंजरमुळे सिडनीची पसंती कशी बदलली?

मेलबर्नमध्ये फुटबॉल म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स. सिडनी आणि ब्रिस्बेनमध्ये मात्र याच शब्दाचा अर्थ रग्बी लीग असा होतो. त्याखेरीज रग्बी युनियन आहे, आणि आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो तिथे बहुतेकदा ‘सॉकर’ असतो. सिडनीकरांनी रग्बी लीगला पसंती दिली, त्यामागे हर्बर्ट हेन्री ऊर्फ डॅली मेसेंजर या खेळाडूचा मोठा वाटा आहे.

डॅली मेसेंजर कोण होता?

त्याचा जन्म १२ एप्रिल १८८३ रोजी सिडनीच्या बालमेन भागात झाला. वडील व्यावसायिक नौकापटू होते. डबल बे येथे त्यांचा बोटी बांधण्याचा व्यवसाय होता. मेसेंजर रग्बी युनियन खेळू लागला आणि थोड्याच काळात शहराचा लाडका झाला. लांबून गोल मारण्यात आणि बचावफळीला चकवण्यात त्याचा हातखंडा होता. १९०७ मध्ये तो न्यूझीलंडविरुद्ध ऑस्ट्रेलियाकडून दोन कसोटी सामने खेळला.

खेळाडू नाराज का होते?

त्या वर्षी सिडनी क्रिकेट ग्राउंडवर न्यूझीलंडविरुद्धच्या सामन्याला ५० हजारांवर प्रेक्षक आले. तिकिटांचा पैसा संघटनेकडे गेला. युनियन हा हौशी खेळ असल्याने खेळाडूंना मोबदला मिळत नसे. त्यातले बरेच जण कामगार होते. दुखापत झाली की रोजगार बुडे आणि उपचारांचा खर्चही अंगावर पडे. ॲलेक बर्डन या खेळाडूला दुखापतीनंतर भरपाई मिळाली नाही, तेव्हा असंतोष उघड झाला. इंग्लंडमध्ये याच प्रश्नावरून १८९५ मध्येच रग्बीत फूट पडली होती.

फूट कशी पडली?

ऑगस्ट १९०७ मध्ये न्यू साउथ वेल्स रग्बी लीगची स्थापना झाली. जेम्स गिल्टिनन सचिव झाले. खजिनदार होते प्रसिद्ध कसोटी फलंदाज व्हिक्टर ट्रम्पर. इंग्लंडला निघालेला न्यूझीलंडचा व्यावसायिक संघ सिडनीत तीन सामने खेळणार होता. प्रेक्षक खेचायला मोठे नाव हवे होते, म्हणून दोघांनी मेसेंजरला गाठले. पैसे घेऊन खेळणाऱ्याला युनियनची दारे बंद होत, हे २४ वर्षांच्या मेसेंजरला ठाऊक होते. तरीही तो तयार झाला. पहिल्या सामन्याला सुमारे २० हजार प्रेक्षक आले. युनियनने त्याच्यावर बंदी घातली. मग तो न्यूझीलंडच्या याच संघाबरोबर ब्रिटनला गेला आणि त्या दौऱ्यात सर्वाधिक गुण त्यानेच मिळवले.

लीगने युनियनला मागे कसे टाकले?

१९०८ मध्ये सिडनीत लीगची पहिली स्पर्धा झाली. सुरुवात सोपी नव्हती. ब्रिटनचा पहिला दौरा तोट्यात गेला आणि गिल्टिनन दिवाळखोर झाले. परंतु १९०९ मध्ये उद्योजक जेम्स जॉयन्टन स्मिथ यांनी पैसा पुरवला आणि युनियनच्या राष्ट्रीय संघातील डझनभराहून अधिक खेळाडू लीगकडे आले. मेसेंजरच्या ईस्टर्न सबर्ब्सने १९११ ते १९१३ अशी सलग तीन विजेतेपदे पटकावली. पुढे पहिल्या महायुद्धात युनियनने स्पर्धा थांबवल्या, लीगने मात्र सुरू ठेवल्या. त्या काळात प्रेक्षक लीगकडे वळले ते कायमचे.

मग मेलबर्न का वळले नाही?

तिथे ऑस्ट्रेलियन रूल्सचे नियम १८५९ मध्येच लिहिले गेले होते. १८९७ पासून व्हिक्टोरियन फुटबॉल लीगही सुरू होती. रग्बीतल्या भांडणाशी त्या शहराला देणेघेणे नव्हते. देशाची ही विभागणी आजही दिसते. इतिहासकार इयन टर्नर यांनी १९७८ मध्ये तिला ‘बरासी रेषा’ असे नाव दिले. ऑस्ट्रेलियन रूल्सच्या अंतिम सामन्याला मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर लाखभर प्रेक्षक जमतात. रेषेच्या दुसऱ्या बाजूला तोच उत्साह न्यू साउथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलंड या लीगच्या सामन्यांना असतो.

मेसेंजरचे पुढे काय झाले?

१९१३ मध्ये तो निवृत्त झाला. २४ नोव्हेंबर १९५९ रोजी गनेडा येथे त्याचे निधन झाले. लीगमधील वर्षातील सर्वोत्तम खेळाडूला आज ‘डॅली एम’ पदक दिले जाते. २०१८ मध्ये लीगच्या ‘इमॉर्टल्स’ या सर्वोच्च मानकऱ्यांत त्याचा समावेश झाला. खेळणाऱ्याला खेळाचा मोबदला मिळावा, ही त्या काळी बंडखोरी ठरलेली मागणी युनियननेही अखेर १९९५ मध्ये मान्य केली.