तारे कशाचे बनलेत? आधी उत्तर काढलं सेसिलिया पेन यांनी
आज संशोधकाचं वजन सायटेशनवर ठरतं, म्हणजे त्याच्या पेपरचा दाखला इतरांनी किती वेळा दिला यावर. पण दाखला दुसऱ्याच्याच नावाने दिला गेला तर?

सेसिलिया पेन यांचा जन्म १९०० सालचा, इंग्लंडमधला. शिकल्या केंब्रिजला, पण तिथे तेव्हा मुलींना पदवी देतच नसत. म्हणून १९२३ मध्ये त्यांनी अमेरिकेतलं हार्वर्ड गाठलं. तिथे ताऱ्यांच्या वर्णपटांच्या काचेच्या प्लेट्स होत्या, म्हणजे त्या काळचा डेटाबेसच! त्या डेटाला पेन यांनी मेघनाद साहांचं आयनीभवनाचं समीकरण लावलं. उत्तर आलं: तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे.

तेव्हाचा समज होता की तारे साधारण पृथ्वीसारख्याच घटकांचे असतात. ज्येष्ठ शास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांनी हे अशक्य ठरवलं. मग १९२५ च्या प्रबंधात पेन यांनी आपलाच निष्कर्ष बहुधा खरा नसावा, असं लिहून टाकलं. १९२९ मध्ये रसेल वेगळ्या वाटेने त्याच उत्तरावर पोचले. त्यांनी पेन यांच्या कामाचा उल्लेख केला, तरी श्रेय बरीच वर्षं रसेल यांनाच मिळत राहिलं.

पेन थांबल्या नाहीत. पती सर्गेई यांच्यासोबत त्यांनी तेज कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्यांची लाखो निरीक्षणं केली. १९५६ मध्ये त्या हार्वर्डमध्ये प्रोफेसर झाल्या. १९७९ मध्ये त्यांचं निधन झालं.

म्हणून सायटेशनचा आकडा बघताना ते काम आधी कुणी केलं होतं, हेही एकदा चेक करा.