सुवर्णपदकानंतरचे अत्रे

चित्रपट-पुरस्काराच्या व्यासपीठावर राजकारण आणावे काय, हा वाद जुनाच आहे. आचार्य अत्रे यांचे चरित्र त्याकडे निराळ्या दृष्टीने पाहावयास लावते. १८९८ साली सासवड परिसरात जन्मलेल्या या शिक्षकाच्या ‘श्यामची आई’स १९५४ मध्ये राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले, तेव्हा आमचे घाटनांदूर हैदराबाद राज्यात होते. पुढील वर्षी ‘महात्मा फुले’ला रौप्यपदक. दिल्लीने असे गौरविलेले अत्रे १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्रासाठी ‘मराठा’ काढून दिल्लीशीच भांडले. (त्या भांडणात सभ्यतेची वेस पुष्कळदा ओलांडली गेली, हेही मान्य केले पाहिजे.) पण पदकाने ते मिंधे झाले नाहीत. १९५७ साली ते विधानसभेत गेले, १९६९ मध्ये निवर्तले; मधल्या काळात, १ मे १९६० रोजी, घाटनांदूरही महाराष्ट्रात आले.