वसईचा गोन्सालो आणि दूरची बेटे



आपल्या शेजारच्या कोपर स्थानकाच्या वरच्या फलाटावर गाडी पकडली की आपण थेट वसईला उतरतो. त्याच वसईत १५५७ च्या सुमारास गोन्सालो गार्सिया यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथल्याच मातीतली. भारतात जन्मलेले पहिले संत ते हेच.

वसई तेव्हा पोर्तुगीजांचे भरभराटीचे बंदर होते. गलबते येत आणि दूरच्या बेटांच्या गोष्टी आणत. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली वाढलेला हा मुलगा पंधराव्या वर्षाच्या आसपास त्यांच्याबरोबर जपानला गेला. तेथील भाषा त्याने इतकी आत्मसात केली की सुमारे आठ वर्षे तो धर्मशिक्षक म्हणून लोकांत वावरला. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्याची मनापासूनची इच्छा होती, पण ती पूर्ण झाली नाही.

मग गोन्सालो व्यापाराकडे वळला. त्यात त्याचा चांगला जम बसला. नकार मिळालेल्या माणसाला पैसा मिळाला की जखम भरते, असे आपल्याला वाटते. गोन्सालोची भरली नाही. फिलिपिन्स बेटांवरील मनिला येथे त्याने सारे सोडले आणि फ्रान्सिस्कन संघात तो साधा ब्रदर झाला.

१५९३ साली फादर पीटर बॅप्टिस्ट यांच्याबरोबर स्पॅनिश गव्हर्नरचा निरोप घेऊन ते पुन्हा जपानला गेले. राज्यकर्ता हिदेयोशी याच्यासमोर दुभाष्याचे काम त्यांनीच केले. मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम हिदेयोशीने १५८७ मध्येच काढला होता, हे त्यांना ठाऊक होते. पहिल्या खेपेला बेटांची ओढ पोरवयातली होती. या खेपेला धोका माहीत असूनही ते गेले.

१५९६ मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले. मिशनऱ्यांच्या मागून सैन्य येईल, हा संशय बळावला आणि धरपकड झाली. क्योटोत कैद्यांचे डावे कान कापून त्यांची धिंड काढण्यात आली. तेथून ऐन थंडीत सुमारे महिनाभर त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. वाटेत आणखी दोघांची भर पडली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी एका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी भोसकले. त्यांत वीस जपानी होते. सर्वांत धाकटा लुईस अवघा बारा वर्षांचा होता.

सेमिनरीत तर्कशास्त्राच्या पहिल्याच धड्यात आम्हाला शिकवले होते: सर्व माणसे मर्त्य आहेत, सॉक्रेटिस माणूस आहे, म्हणून सॉक्रेटिस मर्त्य आहे. हा निष्कर्ष डोक्याला सहज पटतो. पण त्या जागी आपले स्वतःचे नाव घालताना जीभ अडखळते. कोणाच्या अंत्यविधीला कब्रस्तानात उभे असतानाही आपण मनात दुसऱ्याचेच नाव घालत असतो. गोन्सालो महिनाभर तो निष्कर्ष पायांनी चालले. त्यांना भीती वाटली नसेल, असे आम्ही म्हणणार नाही. प्रभू येशूलाही गेथशेमनी बागेत ती वाटली होती. विश्वास म्हणजे भीतीचा अभाव नव्हे. आपण कोणाकडे चाललो आहोत हे ठाऊक असले की भीती बरोबर असूनही पाऊल पुढे पडते.

१६२७ मध्ये या रक्तसाक्षींना धन्य घोषित करण्यात आले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. ६ फेब्रुवारीच्या मिस्सात आपण संत पॉल मिकी आणि त्यांचे सोबती यांचे स्मरण करतो. आपला वसईकर त्या सोबती या शब्दात दडलेला आहे. आयुष्यभर दुसऱ्याचे शब्द पोहोचवणाऱ्या दुभाष्याला ती जागा शोभते.

आपल्या घरांतूनही मुले आखातात, बोटींवर, परदेशी जातात. दूर जाण्याची ओढ वाईट नाही. ती देवानेच मनात घातली असेल. मात्र तेथे कशासाठी जायचे आणि कोणासाठी राहायचे, हे त्यांच्याशी घरीच एकदा बोलावे. आणि जे आजारपणामुळे वा वयामुळे खोलीबाहेरही पडू शकत नाहीत, त्यांच्यापुढेही एक अनोळखी किनारा आहेच. त्यांच्यासाठी या आठवड्यात संत गोन्सालो यांच्या मध्यस्थीने प्रार्थना करू या.