बाबुराव पेंटर : चित्रपटप्रकारांचा एक वारसा

वाङ्मयप्रकारांच्या इतिहासात एका लेखकाने दुसऱ्याकडून काय उचलले, हे ग्रंथ समोर ठेवून दाखविता येते. भारतीय मूकपटांच्या अभ्यासकाला ही सोय नाही. त्या काळातील बहुतेक चित्रपट नष्ट झाले असून उरली आहेत ती छायाचित्रे, भित्तिपत्रके, जाहिराती आणि आठवणी. म्हणून पौराणिक, ऐतिहासिक अथवा सामाजिक चित्रपट या प्रकारांनी नवागतांना कसे घडविले, हे पाहावयाचे झाल्यास चित्रपटांइतकाच माणसांच्या चरित्रांचा मागोवा घ्यावा लागतो. या दृष्टीने कोल्हापूरचे बाबुराव पेंटर यांचे चरित्र विशेष उद्बोधक आहे. एका चित्रपटप्रकाराने त्यांना या व्यवसायाकडे ओढले; त्यांनी स्वतः आणखी काही प्रकार हाताळले; आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी ते पुढे नेले तेव्हा गुरूची संस्था मात्र लयाला गेली.

बाबुरावांचे मूळ आडनाव मेस्त्री. त्यांचा जन्म कोल्हापूर येथे ३ जून १८९० रोजी झाला. वडील कृष्णराव हे कसबी कारागीर होते. लाकूड, लोखंड आणि माती यांना आकार देण्याची विद्या घरातच असल्याने बाबुरावांना कलाशाळेत जावे लागले नाही. चित्रकला आणि शिल्पकला ते पाहून व करून शिकले आणि लोकांनी दिलेले ‘पेंटर’ हे उपनाम पुढे त्यांचे आडनावच होऊन बसले. त्यांचे चुलतबंधू आनंदराव हेही तसेच कल्पक कलावंत होते. सुमारे १९१० ते १९१६ या काळात या दोघा बंधूंनी संगीत नाटक मंडळ्यांसाठी, तसेच गुजराती व पारशी रंगभूमीसाठी पडदे रंगविले. राजवाडा, अरण्य, राजरस्ता अशी दृश्ये सपाट कापडावर खोलीचा भास निर्माण करून उभी करणे, हे त्यांचे काम. छत्रपती शाहू महाराजांच्या कारकीर्दीत संगीत, नाटक, मल्लविद्या आणि चित्रकला यांना आश्रय मिळालेल्या कोल्हापुरात अशा कलावंतांना कामाची वाण नव्हती.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. तो पाहिल्यावर या दोघा बंधूंचे चित्त चित्रपटात गुंतले. या आकर्षणाचे स्वरूप लक्षात घेण्यासारखे आहे. हरिश्चंद्राची कथा त्यांना नवी नव्हती. कीर्तनातून, आख्यानांतून आणि रंगभूमीवरून ती महाराष्ट्राच्या घरोघरी पोचलेली होती. राजा रविवर्म्याच्या शिळाछापांमुळे पौराणिक व्यक्तींची रूपेही लोकांच्या डोळ्यांत ठसलेली होती. नवे होते ते या ओळखीच्या रूपांचे हालणे. ज्यांनी वर्षानुवर्षे स्थिर पडद्यावर राजवाडे रंगविले, त्यांना या हालत्या पडद्याने वेड लावावे हे स्वाभाविकच होते. कथा परिचित असल्यामुळे ती समजावून सांगण्याचे ओझे उरत नव्हते आणि सारे लक्ष दृश्यरचनेवर देता येत होते. पौराणिक चित्रपट हा प्रकार भारतात अनेकांसाठी चित्रनिर्मितीचे प्रवेशद्वार ठरला, यामागे धर्मभावनेइतकीच ही सोयही होती. दक्षिणेत आर. नटराज मुदलियार यांनी त्याच दशकाच्या उत्तरार्धात ‘कीचकवधम्’ काढला, तोही महाभारतातील कथेवरच.

मेस्त्री बंधूंनी प्रथम प्रक्षेपक घेऊन चित्रपट दाखविण्याचा व्यवसाय केला आणि त्याबरोबरच स्वतःचा कॅमेरा तयार करण्याचा उद्योग आरंभिला. परदेशातून कॅमेरा मागविण्याइतके द्रव्य जवळ नव्हते. परंतु यंत्र उघडून त्याचे मर्म जाणण्याची कारागिरी होती. हे काम अपुरे असतानाच १९१६ साली आनंदराव निवर्तले. बाबुरावांवर हा आघात मोठा होता. तरीही त्यांनी विष्णुपंत दामले या शिष्याच्या साहाय्याने काम चालू ठेवले आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा चालता झाला. कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिला भांडवल पुरविणाऱ्यांत गायिका तानीबाई कागलकर या प्रमुख होत्या.

कंपनीचा पहिला महत्त्वाचा चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्यात प्रदर्शित झाला. विराटाच्या घरी दासी म्हणून राहिलेली द्रौपदी, तिच्यावर पापदृष्टी ठेवणारा कीचक आणि त्याचा भीमाने केलेला वध हे त्याचे कथानक. मराठी प्रेक्षकांच्या लेखी ही नुसती पुराणकथा नव्हती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ (१९०७) या नाटकात कीचकाच्या ठिकाणी लॉर्ड कर्झनची छाया प्रेक्षकांनी पाहिली होती आणि १९१० साली सरकारने त्या नाटकावर बंदी घातली होती. तीच कथा शब्दांवाचून पडद्यावर आली, तेव्हा तिच्यामागे हा सारा संदर्भ उभा होता. भीम कीचकाचा शिरच्छेद करतो ते दृश्य इतके प्रत्ययकारी उतरले होते की प्रेक्षागृहात घबराट उडाली आणि पुढे ते वगळावे लागले. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात तारामतीची भूमिका पुरुषाने केली होती. ‘सैरंध्री’मध्ये गुलाबबाई आणि अनसूयाबाई या स्त्रियांनी काम केले. त्या पुढे कमलादेवी व सुशीलादेवी या नावांनी ओळखल्या गेल्या. लोकमान्य टिळकांनी बाबुरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

बाबुरावांच्या कार्यपद्धतीचे वैशिष्ट्य असे की, आयुष्यभर पडदे रंगविलेल्या या कलावंताने चित्रपटातून रंगविलेला पडदा हद्दपार केला. भिंती, खांब, जिने आणि दालने प्रत्यक्ष उभी करून त्यांत पात्रांना वावरू देणे त्यांनी पसंत केले. दृश्य चित्रित करण्यापूर्वी ते पात्रांची वेषभूषा, त्यांची ठेवण आणि हालचाली यांची रेखाटने करीत. चित्रपटाची माहिती देणाऱ्या सचित्र पुस्तिका त्यांनी काढल्या आणि भित्तिपत्रके स्वहस्ते रंगविली. त्यांच्या ‘कल्याण खजिना’ (१९२४) या चित्रपटाचे भित्तिपत्रक आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या सचित्र भारतीय भित्तिपत्रकांत गणले जाते.

यानंतर बाबुराव ऐतिहासिक चित्रपटाकडे वळले. ही वाट त्यांना मराठी कादंबरीने दाखविली. हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ (१९०३) या कादंबरीवरून त्यांनी ‘सिंहगड’ (१९२३) निर्मिला. १६७० साली तानाजी मालुसऱ्याने रात्री कडा चढून कोंढाणा घेतला, ही त्यातील मध्यवर्ती घटना. पुराणकथेत चमत्काराला जे स्थान असते, ते येथे स्थळाला आणि शौर्याला मिळाले. डोंगर, कडे, तटबंदी हा कोल्हापूरच्या परिसरातील नित्याचा देखावा या प्रकाराला आयताच लाभला. रात्रीच्या प्रसंगांसाठी बाबुरावांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. त्या काळी चित्रीकरण मुख्यतः सूर्यप्रकाशावर अवलंबून असे, हे ध्यानात घेतले म्हणजे एका विशिष्ट चित्रपटप्रकाराची गरज तंत्राला कशी पुढे ढकलते, हे ध्यानी येते. शिवाजीची भूमिका स्वतः बाबुरावांनी केली, तर शेलारमामाची भूमिका शांताराम वणकुद्रे या तरुणाने.

तिसरा प्रयोग सर्वांत धाडसाचा होता. १९२५ साली त्यांनी नारायण हरि आपटे यांच्या कथेवरून ‘सावकारी पाश’ काढला. ना. ह. आपटे हे लोकप्रिय सामाजिक कादंबरीकार असून हरि नारायण आपट्यांहून भिन्न, हे अमराठी अभ्यासकांसाठी नमूद करणे अवश्य आहे. सावकाराच्या कर्जात जमीन गमावलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणीत मजुरी करतो, एवढेच कथासूत्र. परंतु त्यामागे महाराष्ट्राचा अर्धशतकाचा दाहक अनुभव होता. १८७५ साली दख्खनच्या शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला होता. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात त्यांच्या दैन्याची मीमांसा केली होती. वाङ्मयात रुजलेला हा विषय चित्रपटात आणताना बाबुरावांनी भव्य दालने, अलंकार आणि युद्धे बाजूस सारली. अंधुक प्रकाशात चित्रित केलेली शेतकऱ्याची झोपडी पाहणाऱ्यांच्या स्मरणात राहिली. शेतकऱ्याची भूमिका शांतारामांकडे होती.

हा चित्रपट चालला नाही. देवदेवता आणि वीरपुरुष पाहण्यास आलेल्या प्रेक्षकाला आपल्याच गावातील दैन्य पडद्यावर पाहणे रुचले नसावे. बाबुरावांना पुन्हा पौराणिक व ऐतिहासिक कथांकडे वळावे लागले. आज ‘सावकारी पाश’ची प्रत उपलब्ध नाही. भारतीय वास्तववादी चित्रपटाचा आरंभ सांगताना ज्याचा निर्देश टाळता येत नाही, तो चित्रपट अभ्यासकांना केवळ वर्णनांवरून ओळखावा लागतो. मात्र त्याचा परिणाम प्रेक्षागृहातील उत्पन्नावरून मोजणे योग्य होणार नाही. तो ज्यांच्या हातून घडला त्या तरुणांनी पुढे काय केले, हे पाहिले पाहिजे.

महाराष्ट्र फिल्म कंपनीत कामाची वाटणी काटेकोर नव्हती. सामान उचलणारा गडी गरज पडल्यास अभिनय करी, नट रसायनशाळेत हात लावी, चित्रकार कॅमेऱ्यामागे उभा राही. दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि शांताराम हे या पद्धतीने तयार झाले. पुढे दिग्दर्शनही त्यांच्याकडे आले: शांतारामांनी ‘नेताजी पालकर’ (१९२७), तर दामले व फत्तेलाल यांनी ‘महारथी कर्ण’ (१९२८) दिग्दर्शित केला. स्वतंत्र निर्मितीची ओढ लागल्यावर हे चौघे बाहेर पडले आणि १ जून १९२९ रोजी सीतारामपंत कुलकर्णी यांच्या आर्थिक पाठबळावर त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापिली. प्रमुख सहकारी एकाच वेळी गेल्याने बाबुरावांच्या संस्थेचा कणाच मोडला. थोड्याच काळात ती बंद पडली.

प्रभातच्या चित्रपटांची यादी चाळली असता गुरूकडील वारसा स्पष्ट दिसतो. ‘गोपाळकृष्ण’ (१९२९) पौराणिक होता. ‘उदयकाल’ (१९३०) शिवकालावर होता. त्याचे मूळ नाव ‘स्वराज्य तोरण’, परंतु सेन्सॉरच्या आग्रहामुळे ते बदलावे लागले. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटात हरिश्चंद्राची कथा पुन्हा अवतरली. बाबुरावांनी १९२२ साली मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांवर चित्रपट काढून संतचरित्राला हात घातला होता; दामले व फत्तेलाल यांनी त्या प्रकाराला ‘संत तुकाराम’ (१९३६) मध्ये अशी उंची दिली की पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. ‘सावकारी पाश’मधून सुरू झालेला ना. ह. आपट्यांच्या कथांशी संबंधही तुटला नाही. ‘अमृतमंथन’ (१९३४) हा त्यांच्या ‘भाग्यश्री’वरून, आणि ‘कुंकू’ (१९३७) ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून निघाला. वृद्धाशी लावलेले लग्न मनाने न स्वीकारणाऱ्या ‘कुंकू’तील नीरेला प्रेक्षकांनी उचलून धरले. अवघ्या बारा वर्षांपूर्वी सामाजिक चित्रपटाकडे पाठ फिरविणारा प्रेक्षक आता बदलला होता; आणि तो घडविण्यात ज्या प्रयोगाचा प्रारंभिक वाटा होता, त्याच्या कर्त्याला त्याचे फळ मिळाले नाही.

बोलपटाविषयी बाबुरावांना विशेष उत्साह नव्हता. मोठ्या परिश्रमाने सिद्ध झालेली दृश्यभाषा संवादांच्या आहारी जाईल, अशी त्यांची धारणा होती. ही भीती सर्वस्वी अनाठायी होती असे म्हणता येत नाही. रंगभूमीवरून आलेली पल्लेदार भाषणे आणि पदे आरंभीच्या बोलपटांत विपुल आढळतात. ‘उषा’ (१९३५) आणि ‘प्रतिभा’ (१९३७) हे त्यांचे बोलपट. त्यांपैकी ‘प्रतिभा’ उपलब्ध असून भव्य नेपथ्य, प्रकाशयोजना आणि जनसमूहाची हाताळणी यांवरील त्यांचे प्रभुत्व त्यात पाहावयास मिळते. ‘सावकारी पाश’ त्यांनी १९३६ साली बोलपटाच्या रूपाने पुन्हा काढला. एकदा नाकारला गेलेला विषय अकरा वर्षांनी पुन्हा हाती घेण्यात त्यांची त्या विषयावरील निष्ठा प्रकट होते. उर्वरित काळ त्यांनी मुख्यतः चित्रकला व शिल्पकला यांत घालविला.

उतारवयात त्यांना चित्रपटाकडे परत आणले ते शिष्यानेच. शांतारामांच्या राजकमल संस्थेसाठी त्यांनी ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) हाती घेतला आणि तो शांतारामांच्या सहभागाने पूर्ण झाला. पेशवाईच्या अखेरच्या काळातील या सोलापूरच्या ब्राह्मण शाहिराचे चरित्र पडद्यावर आणताना पटकथेचे काम ग. दि. माडगूळकर यांनी केले. लावणी आणि तमाशा यांना मध्यवर्ती स्थान देणाऱ्या या चित्रपटाला लाभलेल्या यशामुळे तमाशापट हा मराठीतील एक स्वतंत्र प्रकार म्हणून रूढ झाला. पुढील दोन-तीन दशकांत मराठी निर्मात्यांना याच प्रकाराने जगविले, आणि पुढे त्याच्या पुनरावृत्तीने शिणविलेही.

१६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात बाबुरावांचे देहावसान झाले. त्यांच्या मूकपटांपैकी फारच थोडा भाग शिल्लक आहे. त्यांची महत्ता ठरविताना केवळ कॅमेरा, प्रकाशयोजना अथवा नेपथ्य यांतील अग्रक्रमाचा दाखला देणे अपुरे होईल. आख्यान, ऐतिहासिक कादंबरी, सामाजिक कथा आणि शाहिरी कवन हे चार वाङ्मयप्रवाह त्यांच्या हातून चित्रपटप्रकारांत परिणत झाले, आणि प्रत्येक प्रकाराला पुढे नेणारा हात त्यांच्याच कर्मशाळेत किंवा तिच्या प्रभावाखाली तयार झाला. मराठी वाङ्मय आणि मराठी चित्रपट यांच्या संबंधांचा विचार करू इच्छिणाऱ्या अभ्यासकाला कोल्हापूरच्या या स्वयंशिक्षित चित्रकारापासूनच आरंभ करावा लागेल.