लॉर्ड मॅन्सफील्ड आणि विम्यातील सद्भाव

आयुर्विम्याच्या प्रस्तावपत्राच्या शेवटी एक प्रतिज्ञापन असते. वर दिलेली माहिती सत्य आहे आणि महत्त्वाचे काही लपविलेले नाही, अशा आशयाचा तो मजकूर असतो. एजंटाने भरून आणलेल्या कागदावर शिक्षक काय किंवा कारकून काय, तो पुष्कळदा न वाचताच सही करून मोकळा होतो. या मजकुरामागील तत्त्वाला कायद्याच्या परिभाषेत परम सद्भावाचे तत्त्व म्हणतात. विमेदाराला धाक घालण्यासाठीच ते निर्माण झाले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आणि दावे नाकारण्यासाठी त्याचा जो उपयोग होत आला आहे तो पाहता ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परंतु ज्या न्यायाधीशाने हे तत्त्व प्रथम सविस्तर मांडले, त्याने त्या खटल्यात निकाल दिला तो विमेदाराच्या बाजूने, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

हा न्यायाधीश म्हणजे विल्यम मरे, पुढे लॉर्ड मॅन्सफील्ड या नावाने प्रसिद्धी पावलेला इंग्लंडचा सरन्यायाधीश. त्याचा जन्म २ मार्च १७०५ रोजी स्कॉटलंडमधील स्कोन येथे एका सरदार घराण्यात झाला. घराणे पदच्युत स्टुअर्ट राजवंशाचे पक्षपाती होते. त्यामुळे राजनिष्ठेविषयीच्या संशयाने मरेचा पिच्छा दीर्घकाळ सोडला नाही. १७१८ साली तेरा वर्षांचा हा मुलगा घोड्यावर बसून लंडनला शिकण्यासाठी निघाला. वेस्टमिन्स्टरची शाळा, ऑक्सफर्ड आणि १७३० मध्ये वकिलीची सनद, असा त्याचा पुढील प्रवास झाला. कवी अलेक्झांडर पोप याच्याशी त्याचा स्नेह होता. १७४२ मध्ये तो सॉलिसिटर जनरल झाला, १७५४ मध्ये ॲटर्नी जनरल आणि १७५६ मध्ये किंग्ज बेंच न्यायालयाचा सरन्यायाधीश. हे पद त्याने बत्तीस वर्षे सांभाळले.

तो या पदावर आला तेव्हा लंडन जागतिक व्यापाराचे केंद्र बनत होते. लॉइडच्या कॉफीगृहात जहाजांचे मालक, दलाल आणि विमा उतरविणारे धनिक एकत्र जमत. मजकुराखाली एकेक धनिक आपली रक्कम लिहून सही करी आणि तेवढ्यापुरती जोखीम स्वीकारी. व्यवहार लाखोंचा होता. पण त्यासाठी लागणारा कायदा जवळजवळ नव्हताच. एलिझाबेथ राणीच्या काळापासून १७५६ पर्यंतच्या छापील निवाड्यांत विम्याचे साठ खटलेही सापडत नाहीत, असे पुढे पार्क या ग्रंथकाराने नमूद केले. जे होते तेही ज्यूरीच्या एका शब्दात संपलेले. निकाल कळे, कारण कळत नसे. कारणाविना दिलेल्या निकालावर व्यापारी भिस्त ठेवू शकत नाही, कारण उद्याच्या सौद्याला तो उपयोगी पडत नाही.

मॅन्सफील्डने ही उणीव मोठ्या चातुर्याने भरून काढली. विम्याच्या खटल्यांसाठी तो शहरातील अनुभवी व्यापाऱ्यांची खास ज्यूरी बोलावी. तीच ती माणसे वारंवार बसत. व्यापाराची रूढी काय, हे तो त्यांच्याकडून समजावून घेई. त्यांना जेवायलाही बोलावी. न्यायाधीशाने ज्यूरीतील लोकांशी इतकी जवळीक ठेवावी की नाही, हा प्रश्न आजच्या दृष्टीने उपस्थित करता येईल. परंतु या जवळिकीतून जे ज्ञान मिळाले त्याचे त्याने सर्वांना लागू पडणाऱ्या नियमांत रूपांतर केले, हेही मान्य करावे लागेल.

या नियमांपैकी पहिला क्षतिपूर्तीचा. विम्यातून झालेले नुकसान भरून निघावे, नफा होऊ नये. १७६१ साली सेंट थॉमस बेटाहून हॅम्बुर्गला आलेल्या साखरेचा खटला त्याच्यासमोर आला. विमापत्रात प्रत्येक पिंपाची किंमत ३० पौंड धरलेली होती. समुद्राचे पाणी लागल्याने माल खराब झाला आणि पिंपाला सुमारे २० पौंड मिळाले. चांगल्या साखरेचा त्या बंदरातील भाव सुमारे २३ पौंड होता. मालकाचे म्हणणे असे, की पुढे भाव चढणार होता, म्हणून ३० आणि २० यांतील संपूर्ण फरक विमाकर्त्याने द्यावा. मॅन्सफील्डने चांगल्या व खराब मालाच्या भावांतील फरकाचे प्रमाण काढले. ते साधारण एक सप्तमांश भरते. तोच सप्तमांश त्याने ३० पौंडांना लावला. म्हणजे दहा पौंडांच्या जागी चारच्या आसपास. समुद्राने केलेले नुकसान विमाकर्त्याचे, बाजाराने केलेले व्यापाऱ्याचे, हा भेद अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सहज पटेल. त्याच वर्षी दुसऱ्या एका खटल्यात, फ्रेंचांनी पकडलेले पण इंग्रज युद्धनौकेने सोडवून सुखरूप प्लिमथला आणलेले जहाज मालक विमाकर्त्याच्या गळ्यात घालू पाहत होता. संपूर्ण नुकसानीची त्याची मागणी मॅन्सफील्डने फेटाळली.

आता परम सद्भावाचा तो प्रसिद्ध खटला. सुमात्रा बेटावर बेंकूलेन येथे ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती आणि तिच्या रक्षणासाठी फोर्ट मार्लबरो नावाचा किल्ला. तिथला गव्हर्नर कार्टर याने लंडनमधील आपल्या भावामार्फत विमा उतरविला. ऑक्टोबर १७५९ पासून एका वर्षात एखाद्या युरोपीय शत्रूने किल्ला घेतला, तर भरपाई मिळावी, अशी अट होती. हा सप्तवार्षिक युद्धाचा काळ. इकडे कर्नाटकात वांदिवाशची लढाई जानेवारी १७६० मध्ये झाली. एप्रिलमध्ये द'एस्तँ या फ्रेंच सेनानीने बेंकूलेन घेतले. विमापत्रावर लंडनमध्ये सह्या झाल्या त्या मे महिन्यात. किल्ला तेव्हा पडलेला होता; पण सुमात्राची बातमी लंडनला पोहोचायला महिनोन्‌महिने लागत, त्यामुळे दोन्ही पक्ष सारखेच अंधारात होते.

विमाकर्ता बोएम याने पैसे नाकारले. किल्ला दुबळा असल्याचे आणि फ्रेंचांचा डोळा त्यावर असल्याचे गव्हर्नरला ठाऊक होते, तरी त्याने ते सांगितले नाही, असा त्याचा बचाव होता. १७६६ मध्ये मॅन्सफील्डने दिलेल्या निर्णयात तत्त्वाची दोन्ही अंगे आहेत. विमा हा संभाव्यतेवर आधारलेला करार असून जोखमीविषयीची विशेष माहिती बहुधा विमेदारापाशीच असते. विमाकर्ता त्याच्या शब्दावर विसंबतो. म्हणून ती माहिती दडविणे म्हणजे कराराचा पायाच खणून काढणे होय. हे झाले पहिले अंग. दुसरे असे, की जे विमाकर्त्याला माहीत आहे, जे त्याला माहीत असायला हवे, किंवा जे चौकशी केल्यास सहज कळले असते, ते सांगण्याचे बंधन विमेदारावर नाही. ही वखार स्थानिक लोकांपासून संरक्षणापुरती बांधलेली होती, युरोपीय तोफखान्यापुढे ती टिकणारी नव्हती, हे लंडनमध्ये सर्वश्रुत होते. युद्धाचा रागरंग बेंकूलेनपेक्षा लंडनमध्येच अधिक चांगला कळत होता. खुद्द गव्हर्नर विमा उतरवीत आहे हे दिसत असता बोएमने एकही प्रश्न विचारला नाही. आपल्याला कळले असते तर आपण विमा करविला नसता, ही दलालाची साक्ष तर मॅन्सफील्डने निरुपयोगी ठरविली. दलालाचे मत हा पुरावा नव्हे. गप्प राहून हप्ता घ्यायचा आणि नुकसान झाले की गप्प राहिल्याचा दोष समोरच्यावर ठेवायचा, हा दुटप्पीपणा त्याला मान्य नव्हता. सद्भाव दोन्ही पक्षांना सारखाच बांधतो, हा त्या निर्णयाचा गाभा. ज्यूरीने कार्टरला दिलेला कौल कायम राहिला.

हे दुसरे अंग पुढील शतकात झाकोळले गेले. एकोणिसाव्या शतकातील निवाड्यांनी विमेदाराचे कर्तव्य वाढवीत नेले आणि १९०६ च्या इंग्लंडच्या सागरी विमा कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केले. भारताचा १९६३ चा सागरी विमा कायदा त्याच साच्यातला. आयुर्विम्यापुरती मात्र आपल्याकडे १९३८ च्या विमा कायद्याच्या ४५ व्या कलमाने विमेदाराला थोडी ढाल दिली. दोन वर्षे उलटल्यावर केवळ चुकीच्या माहितीवरून पॉलिसी रद्द करता येत नसे. जाणूनबुजून व कपटाने महत्त्वाची गोष्ट दडविल्याचे विमाकर्त्याला सिद्ध करावे लागे. २०१५ च्या दुरुस्तीने मुदत तीन वर्षांची केली. पण त्यानंतर कोणत्याही कारणाने पॉलिसीला आव्हान देण्याचा मार्ग बंद केला. सद्भावाचे बंधन विमा कंपनी व तिचे एजंट यांच्यावरही आहे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले. इंग्लंडने २०१२ मध्ये सामान्य ग्राहकावरील आपणहून सर्व सांगण्याचे कर्तव्यच काढून टाकले. आता विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे काळजीपूर्वक व प्रामाणिकपणे दिली की पुरे. म्हणजे बोएमला विचारलेला प्रश्नच, तू चौकशी का केली नाहीस, हा अडीचशे वर्षांनी कायद्याच्या कलमात उतरला.

विमा आणि जुगार यांतील सीमारेषा आखताना मात्र मॅन्सफील्डचे पाऊल तितके स्थिर राहिले नाही. १७७१ चा एक खटला आज वाचताना अंगावर काटा येतो. न्यूमार्केटच्या मेजवानीत दोन तरुणांनी, कोणाचा बाप आधी मरतो, यावर पैज लावली. त्यांपैकी एकाचा, पिगॉटचा, वृद्ध पिता त्याच दिवशी पहाटे दूरच्या गावी मरण पावलेला होता. मेजवानीतील कोणालाही हे माहीत नव्हते. पैज रद्द समजावी, हे पिगॉटचे म्हणणे मॅन्सफील्डने मान्य केले नाही. जहाज आधीच बुडाले असले तरी दोघे अनभिज्ञ असतील, तर विमा टिकतो, त्याच न्यायाने त्याने पाचशे गिनींची ही पैज टिकविली. तर्क बिनचूक होता. प्रसिद्ध माणसे केव्हा मरतील यावरही त्या काळी लंडनमध्ये सर्रास विमापत्रे निघत. अखेर १७७४ मध्ये संसदेनेच कायदा केला, की ज्याच्या आयुष्यात विमा घेणाऱ्याचा हितसंबंध नाही त्याच्या आयुष्यावरचा विमा रद्द समजला जाईल. विमायोग्य हितसंबंधाचे तत्त्व आयुर्विम्यात आले ते असे. १७७८ मध्ये, शेव्हालिए द'एऑं हा फ्रेंच मुत्सद्दी पुरुष की स्त्री, यावरील पैजेचा दावा मात्र मॅन्सफील्डने धुडकावला. तिऱ्हाईत माणसाची विटंबना करणारी पैज न्यायालयाने वसूल करून देऊ नये, असे आता त्याचे मत झाले होते.

जून १७८० मध्ये कॅथलिकांना दिलेल्या सवलतींविरुद्ध लंडनमध्ये गॉर्डन दंगली उसळल्या. सवलतींचा पुरस्कर्ता म्हणून जमावाने ब्लूम्सबरी चौकातील मॅन्सफील्डचे घर जाळले. पती-पत्नी मागील दाराने निसटले. ग्रंथसंग्रह आणि आयुष्यभराची टिपणे राख झाली. याच दंगलीत लँगडेल नावाच्या कॅथलिक गृहस्थाचा मद्याचा कारखाना भस्मसात झाला. त्याने आगीच्या विम्याचा दावा लावला आणि तो चालला मॅन्सफील्डसमोर. विमापत्रात नागरी दंगलीमुळे झालेली हानी वगळलेली होती. त्या शब्दांचा अर्थ मॅन्सफील्डने ज्यूरीला जसा आहे तसा समजावून सांगितला आणि निकाल विमा कंपनीच्या बाजूने लागला. ज्याचे स्वतःचे घर त्याच जमावाने जाळले होते त्याला लँगडेलविषयी सहानुभूती नसेल असे नाही. पण करारात जे नव्हते ते त्याने त्यात घातले नाही.

हीच शिस्त तीन वर्षांनी एका भीषण ठिकाणी येऊन थांबली. लिव्हरपूलच्या मालकांचे झाँग हे जहाज आफ्रिकेतून गुलाम घेऊन जमेकाकडे निघाले होते. मार्ग चुकला. पाणी पुरणार नाही, अशी सबब सांगून नोव्हेंबर १७८१ च्या अखेरीपासून खलाशांनी १३० हून अधिक जिवंत माणसांना समुद्रात फेकले. यामागे विम्याचा हिशेब होता. गुलाम रोगाने मेला तर नुकसान मालकाचे. संकटात जहाज वाचविण्यासाठी माल फेकला तर विमाकर्त्याचे. दर माणशी ३० पौंडांचा दावा लागला आणि मार्च १७८३ मध्ये ज्यूरीने तो मान्य केला. विमाकर्त्यांनी फेरसुनावणी मागितली. दरम्यान एक्वियानो या मुक्त झालेल्या आफ्रिकी गृहस्थाने ग्रॅनव्हिल शार्प याला ही हकिकत कळविली आणि शार्प सुनावणीला हजर राहिला. पाऊस पडून पाणी मिळाल्यावरही माणसे फेकली गेली, असा पुरावा तेथे पुढे आला. त्यावरून मॅन्सफील्डने फेरसुनावणीचा आदेश दिला. ती झाल्याची नोंद नाही. खुनाचा खटला कोणावरही चालला नाही. मॅन्सफील्डने प्रश्न विचारला तो एवढाच, की फेकण्याची अपरिहार्यता सिद्ध झाली की नाही. साखरेच्या पिंपाला लावलेली मोजपट्टी माणसाला लावता येते का, हा प्रश्न त्या न्यायालयात न्यायाच्या आसनावरून विचारला गेला नाही.

हे अधिक खटकण्याचे कारण असे, की हाच न्यायाधीश १७७२ मध्ये सॉमरसेट या गुलामाला मुक्त करून बसला होता. इंग्लंडच्या भूमीवरून गुलामाला जबरदस्तीने बाहेर नेता येणार नाही, एवढाच तो निर्णय मर्यादित होता. वसाहतींतील गुलामगिरीला आणि गुलामांच्या व्यापाराला त्याने हात लावला नाही. व्यापाऱ्यांच्या रूढीतून कायदा घडविणाऱ्याला त्या रूढीतील पापापासून दूर उभे राहणे कठीण गेले, असे म्हणावे लागते.

१७८८ मध्ये वयाच्या ८३ व्या वर्षी तो निवृत्त झाला आणि २० मार्च १७९३ रोजी लंडनजवळील केनवुड येथील आपल्या वाड्यात मरण पावला. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्याचे दफन झाले. याच वाड्यात डायडो एलिझाबेथ बेल ही मुलगी वाढली. ती त्याच्या भाच्याची, नौदल अधिकारी जॉन लिंडसे याची कन्या. आई गुलाम आफ्रिकी स्त्री. म्हातारपणी मॅन्सफील्डची पत्रे ती लिहून देत असे. त्याच्या मृत्युपत्रात तिच्यासाठी वार्षिक १०० पौंडांची तरतूद होती आणि ती स्वतंत्र असल्याचेही स्वतंत्रपणे नमूद केले होते. ते मृत्युपत्र झाँगचा खटला उभा राहण्याच्या आदल्या वर्षी, १७८२ मध्ये, लिहिलेले होते.