झोप येईना म्हणून...

हॅमेलिनच्या पुंगीवाल्याची गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेली. जर्मनीतल्या त्याच गावाचं नाव एका बाईलाही चिकटलंय – हॅमेलिनची ग्लिकल. खरं तर ती तिथली नव्हेच. ते तिचं सासर, आणि तिथेही ती लग्नानंतर जेमतेम वर्षभर राहिली. पण बाईच्या नावाला सासरचं गाव लागायचं ते लागलंच! तेसुद्धा ती गेल्यावर पावणेदोनशे वर्षांनी, तिचं पुस्तक छापणाऱ्यांनी लावलेलं.

ग्लिकल जन्मली १६४६च्या सुमाराला, हॅम्बुर्गच्या एका ज्यू व्यापारी कुटुंबात. ती तीन वर्षांचीही नव्हती, तेव्हा ज्यूंना शहर सोडावं लागलं. कुटुंब शेजारच्या आल्टोनाला गेलं. व्यापारासाठी हॅम्बुर्गात पाऊल टाकायचं तर परवाना हवा. बाराव्या वर्षी ग्लिकलची सोयरीक जमली, चौदाव्या वर्षी लग्न. नवरा हाइम, तोही पोरसवदाच. पहिलं बाळंतपण माहेरी झालं आणि गंमत म्हणजे त्याच सुमाराला तिची आईही बाळंत झाली. मायलेकी एकाच खोलीत, दोघींच्या कुशीत मुली. एका रात्री आई जागी होऊन बघते तर बाळ जागेवर नाही! अंधारात बाळांची अदलाबदल झालेली. घरभर नुसता गोंधळ. आपल्याकडेही पणजीच्या पिढीत मायलेकींची बाळंतपणं एकदम व्हायचीच की.

पुढे ग्लिकलला चौदा मुलं झाली, त्यातली बारा मोठी झाली. हाइमचा व्यापार सोन्याचा आणि मोत्यांचा. तो सतत फिरतीवर, पण कुठलाही व्यवहार तिला विचारल्याशिवाय करायचा नाही. भागीदारीचे करार करतानासुद्धा तिचा हात असे. १६८९ मध्ये हाइम गेला. शेवटच्या आजारात लोकांनी त्याला निरवानिरवीचं विचारलं. तो एवढंच म्हणाला, की बायकोला सगळं ठाऊक आहे, ती आजवर करत आली तसंच करेल.

मैत्रिणींनो, नवरा गेल्यावर पासबुक कुठे आहे, कुणाचं किती देणं आहे हे माहीतच नसलेल्या कितीतरी जणी मी कामाच्या निमित्ताने बघते. म्हणून हाइमच्या त्या शब्दांपाशी मी फार वेळ थांबले. पदरात आठ मुलं लग्नाची होती. ग्लिकलने देणी फेडली, पायमोज्यांचा कारखाना काढला, मोती विकत घ्यायचे, निवडायचे आणि विकायचे हे चालू ठेवलं. एका मुलाला बरोबर घेऊन ती लाइपझिगच्या मोठ्या व्यापारी जत्रेलाही जाऊ लागली. बर्लिनमधल्या एका मुलाचा धंदा बुडाला, तर त्याचं कर्जही तिनेच निस्तरलं.

दिवस असा जायचा. रात्र मात्र सरायची नाही. उदास वाटायचं, झोप लागायची नाही. म्हणून १६९१ मध्ये तिने लिहायला घेतलं. छापायचा विचारही मनात नव्हता. आपण कुठल्या माणसांच्या पोटी आलो हे मुलांना कळावं, एवढाच हेतू. लिहिलं यिडिशमध्ये. जर्मनसारखी ही भाषा हिब्रू अक्षरांत लिहितात. पुरुषांचा धर्मग्रंथांचा अभ्यास हिब्रूत चाले, घरातली आणि बायकांच्या वाचनाची भाषा मात्र यिडिश.

सुरुवातीलाच तिने एक गोष्ट सांगितलीय. एक पक्षी आपल्या तीन पिल्लांना एकेक करून समुद्रापार नेत असतो. मी म्हातारा झालो की मला असंच सांभाळशील ना, असं तो प्रत्येकाला विचारतो. दोन पिल्लं भराभर हो म्हणतात. पक्षी त्यांना खोटारडी ठरवून समुद्रात टाकून देतो. तिसरं म्हणतं, तुमचं मी सांगत नाही, पण तुम्ही माझ्यासाठी केलंत तेवढं मी माझ्या पिल्लांसाठी करीन. ते तेवढं पैलतीराला पोचतं.

आणि हीच ग्लिकल म्हातारपणी मुलांवर ओझं व्हायला नको म्हणून १७०० मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, पुन्हा लग्न करते! नवरा फ्रान्समधल्या मेट्झचा श्रीमंत सावकार. दोन वर्षांच्या आत त्याचं दिवाळं वाजलं. त्यात तिचेही पैसे गेले. मला इथे तिचा रागही येतो आणि पोटात तुटतंही. जन्मभर दुसऱ्याची पत पारखून घेतलेली बाई ती! १७१२ मध्ये तोही गेला. ती बरेच जिने चढून जाव्या लागणाऱ्या एका लहानशा खोलीत राहिली, पण लेकीकडे जायला मन तयार होईना. शेवटी १७१५ मध्ये लेक एस्थरने तिला घरी नेलंच. दुपारी यायला उशीर झाला तर तिच्यासाठी चांगलंचुंगलं काढून ठेवलेलं असायचं, हे ती किती समाधानाने लिहिते! १७१९ पर्यंत तिची वही चालू होती. १७२४ मध्ये ती मेट्झलाच वारली.

मूळ वही हरवली. पण तिचा मुलगा मोझेस याने ती उतरवून ठेवली होती. त्या प्रतीवरून १८९६ मध्ये पुस्तक छापलं गेलं आणि तीनशे वर्षांपूर्वीचा ज्यू संसार एका बाईच्या नजरेतून अभ्यासकांपुढे आला. १९१० मध्ये त्याचं जर्मन भाषांतर केलं बर्था पापेनहाइमने. ही ग्लिकलच्या दूरच्या नात्यातली. मानसोपचाराच्या इतिहासात ‘ॲना ओ.’ या टोपणनावाने ओळखली जाणारी रुग्ण ती हीच. बरी झाल्यावर तिने अनाथ मुलींचं काम हाती घेतलं, १९०४ मध्ये ज्यू स्त्रियांची संघटना उभारली. ग्लिकल दिसायला कशी होती ते सांगणारं एकही चित्र नाही. म्हणून बर्था स्वतःच जुन्या काळचे कपडे घालून, ग्लिकल होऊन चित्रकारापुढे बसली. आज ग्लिकलचं म्हणून जे चित्र बघायला मिळतं, त्यातला चेहरा बर्थाचा आहे.