दरबारी चित्रकाराचे दुसरे काम

स्पेनमधील आरागॉन प्रांतात फ्वेन्देतोदोस या खेड्यात ३० मार्च १७४६ रोजी फ्रान्सिस्को गोयाचा जन्म झाला. वडील सोन्याचा मुलामा देणारे कारागीर होते. सारागोसा शहरात चित्रकलेचे पहिले धडे गिरवून गोया माद्रिदला आला आणि १७९९ मध्ये राजाचा प्रथम दरबारी चित्रकार झाला. तत्पूर्वीच, १७९२-९३ च्या दुखण्यात, त्याला कायमचे बहिरेपण आले होते.

१८०८ मध्ये नेपोलियनच्या फौजांनी स्पेनचा ताबा घेतला. २ मे रोजी माद्रिदची सामान्य माणसे फ्रेंच सैनिकांवर तुटून पडली. दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत पकडलेल्यांना गोळ्या घातल्या जात होत्या. पुढे नेपोलियनचा भाऊ जोसेफ गादीवर बसला. गोयाने त्याच्याशी निष्ठेची शपथ घेतली, १८१० मध्ये त्याची छबी रंगवली आणि पुढे त्याच्याकडून मानचिन्हही स्वीकारले.

परंतु त्याच १८१० साली त्याने दुसरे काम आरंभले. तांब्याच्या पत्र्यांवर तो युद्धाची चित्रे कोरू लागला. पत्र्यांची टंचाई होती, म्हणून स्वतःच्या जुन्या निसर्गचित्रांचे पत्रेही त्याने कापून वापरले. या ८० हून अधिक चित्रांत कोणी विजयी सेनापती नाही. झाडाला टांगलेली प्रेते, उपासमारीने रस्त्यात पडलेली माणसे आणि मुलाला कवटाळून पळणाऱ्या आया आहेत. सैनिकावर कुऱ्हाड उगारणारा स्पॅनिश शेतकरीही त्याने वगळला नाही.

फ्रेंच गेल्यावर १८१४ मध्ये त्याने मे महिन्यातील त्या दोन दिवसांची भव्य तैलचित्रे रंगवली. बंदुकांपुढे हात पसरून उभा असलेला पांढऱ्या सदऱ्यातला माणूस आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात पाहता येतो. गोळ्या झाडणाऱ्यांचे चेहरे मात्र दिसत नाहीत. परतलेल्या फर्डिनांड राजाने गोयाच्या वर्तनाची चौकशी केली. तीतून तो सुटला, पण ताम्रपट त्याने प्रसिद्ध केले नाहीत. १८२४ मध्ये तो फ्रान्समधील बोर्दो येथे गेला आणि तेथेच १६ एप्रिल १८२८ रोजी निवर्तला. ते ताम्रपट प्रसिद्ध झाले १८६३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ३५ वर्षांनी.

परक्या राजापुढे वाकलेला गोया अनेकांना खटकतो, आणि ते योग्यच आहे. तथापि छापण्याची आशा नसताना जे घडले ते कोरून ठेवणारा गोयाही तोच होता. कलावंताची पारख करताना आपण या दोघांनाही एकत्रच पाहिले पाहिजे.